बॅकस्पेसचं भांडण

माझं काम नेमकं काय, हे आप्पांना समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला होता. खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात माणूस काय करतो ते एका शब्दात सांगता यायला लागतं. मास्तर, कंडक्टर, मिलिटरी, बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर. माझ्या बाबतीत आप्पा "बेळगावात असतोय, कॉम्प्युटरवर" एवढं सांगायचे आणि कुणी पुढं विचारायच्या आत विषय भाताच्या रोपावर न्यायचे.

मुलगी बघायला गेलो तेव्हा मात्र सुटका नव्हती. होणारे सासरे निवृत्त मास्तर. त्यांनी सरळ विचारलं, "आपण काय करता?"

मी म्हटलं, "कंपनीत नोकरी आहे, घरूनच काम असतं. शिवाय माझी एक लायब्ररी आहे, ती सांभाळतो."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. "वा! मराठी पुस्तकं किती आहेत?"

मुलगी खाली मान घालून हसली. ती कॉम्प्युटर शिकलेली होती, तिला कळलं होतं. "बाबा, तसली लायब्ररी नव्हे," ती म्हणाली. "मग कसली?" असं सासऱ्यांनी विचारलं, तेवढ्यात पोहे आले आणि प्रश्न तसाच राहिला. लग्न ठरलं. सासरे अजूनही अधूनमधून त्यांची जुनी पुस्तकं माझ्या लायब्ररीला देणगी म्हणून देऊ करतात.

त्या दिवशी घरी परतताना आप्पांनी मला एसटी स्टँडवर गाठलं. "आता मलाबी सांग. तू नेमकं काय करायलास?"

मी जमेल तेवढ्या सोप्या भाषेत सांगितलं. कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी असते. तिच्यात चित्रं नाहीत, बटणं नाहीत. आपण एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, आणि कॉम्प्युटरनं ते काम करायचं. आता ती ओळ लिहिताना माणूस चुकतो. त्याला मागं जाऊन खोडता यावं, मधेच शिरून दुरुस्त करता यावं, मघाशी लिहिलेली ओळ परत बोलावता यावी, एवढ्यासाठी जो भाग लागतो तो मी लिहिलाय. असल्या तयार भागाला लायब्ररी म्हणतात, आणि जगभरचे लोक आपापल्या प्रोग्राममध्ये ती बसवून घेतात. फुकट.

आप्पांनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे खोडरबर."

"तसं नव्हे आप्पा..."

"खोडायलाच वापरत्यात न्हवं?"

"व्हय, पण..."

"मग खोडरबर. आधी सांगायचं न्हाय व्हय?"

पुढच्या वेळी गावी गेलो तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मला थांबवून विचारलं, "रबराचा कारखाना कुठं घातलास म्हणं रं?"

आता हा कारखाना सुरू कसा झाला ते सांगायला हवं. शिक्षण झाल्यावर मी उद्यमबागेतल्या एका लहानशा ऑफिसात कामाला होतो. आम्ही फाउंड्रीवाल्यांना प्रोग्राम बनवून द्यायचो. भट्टीतला ओतीव माल, म्हणजे कास्टिंग, बाहेर निघाला की तिथला माणूस त्या काळ्या खिडकीत शेरा लिहायचा: कास्टिंगला भोक आहे, कडा तुटली आहे, वाळू चिकटली आहे. एकदा एका फाउंड्रीत प्रोग्राम बसवायला गेलतो. तिथल्या माणसानं चूक सुधारायला वरच्या बाणाचं बटण दाबलं. आधीची ओळ परत यायची सोडून पडद्यावर एक टोपी, दोन चौकोनी कंस आणि इंग्रजी ए असं काहीतरी उमटलं. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा टोपी आणि कंस. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा कॉम्प्युटर शिव्या द्यायलाय."

त्या शिव्या बंद करायच्या म्हणून मी ती लायब्ररी लिहिली. मालकांना विचारून सगळ्यांसाठी खुली केली. पुढं ते ऑफिस सोडलं, बाहेरच्या कंपनीचं काम घरून करू लागलो, पण लायब्ररी माझ्याकडेच राहिली. सावत्र मूल सांभाळावं तशी नव्हे, पोटच्या पोरासारखी सांभाळत होतो. कुठल्या कुठल्या देशातले लोक तक्रारी पाठवायचे, मी सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करायचो.

सगळ्यात मोठा अभिमान मला एका गोष्टीचा होता. आधी या खिडकीत मराठी लिहून बॅकस्पेस दाबलं की अक्षराच्या चिंध्या व्हायच्या, पडद्यावर नुसत्या चौकटी आणि प्रश्नचिन्हं उरायची. मी कितीतरी रविवार घालवून ते नीट केलं. आता बॅकस्पेस दाबलं की पूर्ण अक्षर जायचं. 'स्त्री' लिहिलं आणि एकदा दाबलं की अख्खी 'स्त्री' साफ. कानडीतही तसंच. मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "स्त्रीवरच का दाखवताय?" पण मला फार आनंद झाला होता.

आणि तेवढ्यात ती तक्रार आली.

लिहिणाऱ्यानं टोपणनाव म्हणून एका झाडाचं नाव घेतलं होतं. मीही लायब्ररीच्या त्या इंटरनेटवरच्या पानावर एका पक्ष्याच्या नावानं वावरायचो, त्यामुळं त्यात विशेष काही नव्हतं. इंग्रजी मात्र असं की इस्त्री करून घडी घातलेलं. 'आपल्या अत्यंत उपयुक्त कामाबद्दल आभार मानून नम्रपणे निदर्शनास आणू इच्छितो,' अशी सुरुवात करून त्यानं पुढं म्हटलं होतं की बॅकस्पेसचं हे वागणं साफ चुकीचं आहे. माणूस एखादं जोडाक्षर कष्टानं लिहितो. शेवटची वेलांटी तेवढी चुकते. त्याला वेलांटीच खोडायची असते. आपली लायब्ररी अख्खं अक्षर गिळते आणि त्याला परत पहिल्यापासून लिहायला लावते. एका टिचकीला शेवटचं एकच चिन्ह जायला हवं.

मी तितक्याच नम्रपणे उत्तर दिलं की अक्षर म्हणजे अक्षर. अर्धवट मोडलेलं अक्षर ओळीत लोंबकळत ठेवणं मला पटत नाही.

त्यानं उलट उत्तर दिलं. मी उलट दिलं. बघता बघता आमचं चांगलंच जुंपलं. दोघेही एकमेकांना 'संपूर्ण आदर राखून' मूर्ख म्हणत होतो. सकाळचा चहा घेताना मी आधी त्याचं उत्तर उघडायचो. बायको म्हणायची, "आली का तुमच्या सवतीची चिठ्ठी?"

माझ्या डोळ्यापुढं त्या माणसाचं पक्कं चित्र होतं. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी, कुठल्यातरी बर्फाच्या देशात खिडकीशी बसलेला, मांडीवर मांजर. विद्यापीठात आपल्याकडच्या भाषा शिकलेला असणार. असल्या माणसानं आम्हाला आमची अक्षरं शिकवावीत याचा मला मनस्वी राग यायचा. "यांना वेलांटी काय कळत्या?" असं मी स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणायचो, आणि बायको पोळी उलटत म्हणायची, "मग सांगा की त्यांना. माझ्यावर का ओरडताय?"

एका सकाळी त्यानं स्वतःचा मुद्दा पटवायला कानडी लिपीतले काही नमुने पाठवले. हा शब्द लिहा, अमुक ठिकाणी चुका, बॅकस्पेस दाबा आणि काय त्रास होतो तो स्वतः अनुभवा. कानडी मला शाळेपासून वाचता येतं. पहिला शब्द होता नंदगड. दुसरा गुंजी.

मी चहाचा कप खाली ठेवला. नंदगडचा बाजार आमचा. गुंजीच्या स्टेशनावर माझ्या आत्याला उतरवून घ्यायला मी लहानपणी बैलगाडीतून गेलतो. बर्फाच्या देशातल्या दाढीवाल्याला ही नावं कुठून मिळाली?

मी इंग्रजीत विचारलं, "हे शब्द आपण कुठून घेतले?"

उत्तर आलं: "दक्षिण भारतातल्या लहानशा गावांची नावं आहेत. आपल्याला माहीत असण्याची शक्यता नाही."

हे वाचून मी एवढ्या मोठ्यानं हसलो की बायको धावत आली. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या पानावर मी कानडीत लिहिलं. माझं कानडी मोडकं आहे, पण तेवढं जमलं: 'माझं गाव नंदगडच्या पलीकडं आहे. तुमचं कुठलं?'

दिवसभर काहीच आलं नाही. संध्याकाळी कानडीत दोनच शब्द आले. 'नीवु यारु?' म्हणजे, तुम्ही कोण?

मग सगळा उलगडा झाला. तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटी तपासायच्या कामावर होता. आमच्या जुन्या ऑफिसनं विकलेला तोच प्रोग्राम, माझी नवी लायब्ररी घालून, तिथं अजून चालू होता. कास्टिंगचे शेरे कानडीत लिहिताना बॅकस्पेसनं त्याचा जीव खाल्ला, म्हणून त्यानं प्रोग्रामच्या पोटात कुठली लायब्ररी आहे ते शोधून काढलं आणि थेट मला गाठलं. त्याचे वडील रेल्वेत, त्यामुळं बालपण गुंजीच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. आम्ही इतके दिवस ज्या वाटेनं भांडत होतो ती सातासमुद्रापार जाऊन परत येत होती, आणि तो बसायचा तिथून माझं घर मोटरसायकलवर चहा निवायच्या आत येण्याजोगं.

भेटायचं ठरलं. उद्यमबागेतल्या एका चहाच्या गाड्यावर, दुपारच्या सुट्टीत. मी वेळेआधी पोचलो. बर्फातला माणूस रद्द झाला असला तरी माझ्या डोक्यातला उंच, किडकिडीत माणूस काही जाईना. मी तसल्याची वाट बघत उभा होतो. एक बुटका, गुटगुटीत गृहस्थ हेल्मेट कोपरात अडकवून आला आणि म्हणाला, "अण्णा, गाडी जरा बाजूला घ्या की." मी घेतली. त्यानं त्याची गाडी लावली, चहा सांगितला आणि माझ्या शेजारी येऊन रस्त्याकडं बघत बसला. आम्ही दोघांनी शेजारी बसून अख्खा चहा संपवला. शेवटी वैतागून मी मोबाईलवर लिहिलं, 'मी पोचलोय. तुम्ही कुठं आहात?' शेजारच्या खिशात टिंग झालं.

त्यानं मोबाईल बघितला, मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही?"

"तुम्ही?"

"हौद री," म्हणजे होय, असं तो म्हणाला. "पण तुम्ही म्हातारे असाल वाटलं होतं मला. अमेरिकेत असणार, कुत्रं असणार. लई कडक लिहितासा हो तुम्ही."

आता इतक्या दिवसांचा हिशोब समोरासमोर मिटवायचा म्हणून मी मुद्दे पाठ करून गेलतो. पण माणूस समोर बसल्यावर भांडण जमेचना. तो म्हणाला, "तसं बघितलं तर तुमचंबी बरोबर आहे. अर्धं अक्षर बरं दिसत न्हाय." मी म्हटलं, "छे छे, तुमचाच मुद्दा खरा. सारखं सारखं पहिल्यापासून कोण लिहील?" तो माझी बाजू मांडू लागला, मी त्याची. भजी आली. ती तुम्ही घ्या, तुम्ही घ्या, असं झालं. सुट्टी संपत आली तरी बॅकस्पेसचं काही ठरलं नाही. शेवटी एकमतानं ठरलं की भांडण इंग्रजीतच करायचं आणि तेही आपापल्या घरी बसून. त्याच संध्याकाळी त्याचं 'संपूर्ण आदर राखून' सुरू झालं, तेव्हा कुठं दोघांना बरं वाटलं.

पण असं किती दिवस चालणार? बायकोच म्हणाली, "रविवारी जेवायला बोलवा. समोर लॅपटॉप ठेवा आणि एकदाचं ठरवा." त्या रविवारी आप्पाही गावाहून तांदूळ घेऊन आलेले. पाहुणा कोण म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "खोडरबरातलाच आहे." आप्पांनी मान डोलावली आणि त्याला शेजारी बसवून घेतलं.

जेवण झाल्यावर आम्ही दोन्ही पद्धती लॅपटॉपवर तयार ठेवल्या. आम्हा दोघांची बोटं आता इतकी सरावलेली की आमच्यावर भरवसा नव्हता. कुणीतरी नवखं हवं होतं. आप्पांकडं बघितलं. आप्पांनी चष्मा लावला, बाह्या वर केल्या आणि विचारलं, "काय लिहू?"

"काहीबी लिहा, आप्पा."

आप्पांनी एका बोटानं, प्रत्येक बटण शोधत, 'म्हैस' लिहायला घेतलं. आधी 'म्ह' झालं. मग दोन मात्रांऐवजी एकच पडली आणि पडद्यावर 'म्हे' दिसू लागलं. "ही मात्रा खोडा आणि परत घाला," मी म्हटलं. माझी पद्धत चालू होती. आप्पांनी बॅकस्पेस दाबलं. 'म्हे' नाहीसं झालं.

"आरं, म्हशीचं तोंडच गेलं की!"

पाहुणा खाली मान घालून हसत होता. मग त्याची पद्धत लावली. आप्पांनी पुन्हा 'म्हे' लिहिलं, दाबलं, तेवढी मात्रा गेली आणि 'म्ह' राहिलं. आप्पा खूश झाले. मग पुन्हा दाबलं. 'ह' गेला. पुन्हा दाबलं. त्यांना त्यातच मजा वाटायला लागली. म्हैस लिहायची आणि शेपटीकडून थोडी थोडी खोडायची, असा त्यांचा उद्योग सुरू झाला. "आप्पा, कुठली पद्धत बरी?" असं आम्ही दोघांनी विचारलं. "थांबा रं," आप्पा म्हणाले, "बैल लिहून बघतो."

निकाल काही त्यांच्याकडून मिळाला नाही. उलट बैलाचा कंटाळा आल्यावर ते म्हणाले, "सगळंच एकदम पुसायचं बटण न्हाय व्हय? ते करा आधी." ते आधीपासूनच होतं, ते त्यांना दाखवलं. मग ते झोपायला गेले.

आप्पा बटणं दाबत असताना आम्ही मात्र एक गोष्ट बघितली होती. बाणाचं बटण दाबून ते ओळीत मागं-पुढं जात होते तेव्हा त्यांना अख्ख्या अक्षरावरून उडी हवी होती, मधे अडकलं की ते चिडत. म्हणजे चालताना अक्षर पूर्ण, खोडताना चिन्ह एक. आणि डिलीटचं बटण, जे पुढचं खोडतं, त्यानं पूर्ण अक्षर न्यायचं. बॅकस्पेस त्याचं, डिलीट माझं. बायकोनं कोकम सरबत आणलं आणि आम्ही कागदावर काही न लिहिता तडजोड पक्की केली. दोघांनाही वाटत होतं की आपणच जिंकलो.

नवी आवृत्ती निघाली. कानडीवाले खूश, मराठीवाले खूश, आणखी कुठली कुठली लिपी लिहिणारेही खूश. आम्ही गाड्यावर भजी खाऊन साजरं केलं. आणि मग परदेशातून एका बाईची तक्रार आली. तिनं मोबाईलवर असतं तसलं कुटुंबाचं चित्र ओळीत टाकलं होतं: बाप, आई, मुलगी, मुलगा, सगळे मिळून एक चिन्ह. ते नको म्हणून तिनं बॅकस्पेस दाबलं, तर फक्त मुलगा गेला. पुन्हा दाबलं, मुलगी गेली. मग आई. बाईनं लिहिलं होतं, 'हे बघणं फार क्लेशदायक आहे.'

मी ताबडतोब त्याला फोन लावला. "अहो, तुमच्या बॅकस्पेसनं त्या बाईचं घर मोडलं!"

तो फाउंड्रीतल्या आवाजात ओरडून म्हणाला, "काय मोडलं?"

"घर! पोरं आधी गेली, मग बायको. बाप तेवढा राहिला!"

नंतर कळलं की तिथल्या चार माणसांनी काम थांबवून काय झालं, कुणाकडं झालं, म्हणून त्याला विचारलं होतं. तो संध्याकाळी थेट माझ्या घरी आला. त्या चित्रातली माणसं एका अदृश्य चिन्हानं एकमेकांना चिकटवलेली असतात, आणि आमची नवी पद्धत ती एकेक करून सोडवत होती. चित्र असेल तर कुटुंब एकदम जायला हवं आणि अक्षर असेल तर चिन्ह एकेक, असा फरक करावा लागणार होता. आम्ही दोघं टेबलाशी शेजारी बसून तो करू लागलो. बायको येता-जाता पडद्याकडं बघायची. "बाप शेवटी का राहतो?" तिनं विचारलं.

"सगळ्यात आधी लिहिलेला असतो म्हणून," तो म्हणाला.

"असणारच," बायको म्हणाली आणि आत गेली.

ते कुटुंब आम्ही वाचवलं. बाईंचे आभाराचे चार शब्द आले. त्यानंतर मला वाटलं की हा माणूस नुसती तक्रार करण्यापेक्षा किल्ल्या घेऊनच घरात आलेला बरा. मी त्याला लायब्ररीत माझ्याइतकेच अधिकार दिले. माझ्या परवानगीशिवाय तो बदल करू शकतो आणि कुणाचा बदल घ्यायचा, कुणाचा नाही, हे ठरवू शकतो. तो भावुक झाला. "अण्णा, एवढा विश्वास?" असं म्हणून त्यानं गाड्यावर सगळ्यांना चहा पाजला.

पुढच्याच आठवड्यात मी एक छोटी दुरुस्ती केली. लांब ओळ पडद्याच्या कडेला पोचली की कर्सर एक घर मागं दिसायचा, तेवढंच. स्वतःच्याच लायब्ररीत करायची, पण आता दोघं आहोत म्हटल्यावर रीत म्हणून त्याच्याकडं बघायला पाठवली. सकाळी चहा घेताना उत्तर उघडलं. इंग्रजी पहिल्यासारखंच इस्त्रीचं. संपूर्ण आदर राखून त्यानं कळवलं होतं की हा बदल सध्या स्वीकारता येत नाही. बदल नीट चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या जोडलेल्या नाहीत, बदल समजावून सांगणारी टीप अपुरी आहे आणि एका ठिकाणी रिकामी जागा जास्त पडली आहे.

मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग चाचण्या जोडा."

मी शर्ट चढवला आणि भांडायला उद्यमबागेकडं निघालो. गाड्यावर तो आधीच येऊन बसलेला होता. त्यानं मला बघितलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, "या अण्णा, गरम भजी आलीत." मी बसलो. त्या दुरुस्तीबद्दल दोघंही एक शब्द बोललो नाही. घरी येऊन मी मुकाट्यानं चाचण्या लिहिल्या.